विहिरीची जागा

धाराशिव जिल्ह्यात खाली मान घालून चालणारी माणसं दोनच प्रकारची: ज्यांचं काहीतरी हरवलंय ती, आणि पर्यावरणशास्त्र शिकताना माझ्या खोलीत राहिलेली माझी मैत्रीण. तिचं कधी काही हरवत नसे, उलट सापडतच असे. माझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत तिनं चार गावांची माती भरून ठेवली होती. कुणाकडं गेलो की चहाआधी पाणी मागायची, घोट तोंडात घोळवायची आणि विचारायची, "काकू, तुमची डाळ शिजायला लई वेळ लागतो का हो?" जड पाण्यात डाळ शिजत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. पण एका काकूंनी थक्क होऊन लेकीची पत्रिकाच तिच्यापुढं ठेवली. नळदुर्गला जाताना रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत काळ्या खडकाच्या मधोमध लाल मातीचा पट्टा दिसला, तर हिनं एसटी थांबवली! कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढली गाडी दोन तासानं हाय." "मग बरंच की," म्हणत ही उतरली. मलाही उतरावं लागलं. दोन तास उन्हात मी तिला शिव्या घालत होते आणि खोटं कशाला सांगू, पट्टा मीही बघत होते.

शेवटच्या वर्षी तिच्या वडिलांनी मुरुम गावाकडच्या शेतात विहीर घ्यायची ठरवली. गावचा पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवून गेला होता. पण वडील म्हणाले, "आमची पोरगी शिकलीया. ती सांगंल तितं." हे कानावर आल्यापासून बाईसाहेबांचं जेवणात लक्ष लागेना. आठ दिवस उतार, ओढा, बांधावरची झाडं बघत ती शेतात हिंडली आणि पाणाड्याच्या जागेपासून बरीच लांब खूण केली.

चाळीस फूट खणलं. विहीर कोरडी.

आम्ही दोघी गेलो तेव्हा गावातली चार माणसं काठावर हसत उभी होती. मैत्रीण खाली बघत राहिली. तिला एकही प्रश्न पडलेला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. वडिलांनी तिला हाताला धरून बांधाकडं नेलं. तिथं त्यांनी विहिरीतल्या प्रत्येक थराचा एकेक दगड वरपासून खालपर्यंत ओळीनं मांडून ठेवला होता.

"पानी न्हाय लागलं, माय," ते म्हणाले. "पर तुला बघायचं आसंल म्हनून ह्ये ठिवलंय. का न्हाय लागलं, तेवढं मला सांग."

ती डोळे पुसून खाली बसली आणि पहिला दगड उचलून त्यांना सांगू लागली. मला त्या दिवशी तिचा फार हेवा वाटला. अजूनही वाटतो.