पुलाखालच्या पाच कामिनी

शाळेच्या ग्रंथालयात बाईंना तीस वर्षं होऊन गेली होती. नववीचा शोध-तास मात्र त्यांच्या गळ्यात पडला तो चार वर्षांपूर्वी. कुणी त्यांची पात्रता वगैरे पाहिली नव्हती. शाळेला बारा कॉम्प्युटर भेट मिळाले आणि एका खोलीत बारा प्लग फक्त ग्रंथालयात निघाले.

इंटरनेटवर माहिती कशी शोधायची, ती खरी की खोटी हे कसं ठरवायचं आणि मग स्वतःच्या शब्दांत कशी लिहायची, हे मुलांना शिकवायचं होतं. बाईंनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? त्याला कसं कळलं? दुसरं कोण म्हणतं? हे पुसायचं नाही, असं त्यांनी शिपाईमामांना बजावलं. मामांनी ते चार वर्षांत पुसलं नव्हतं, आणि मुलांनी वाचलंही नव्हतं.

यंदाचा विषय होता नदीवरचा दगडी पूल. अडतीस निबंध आले. अडतीसही निबंधांत पूल अकरा महिन्यांत बांधून झाला होता. तिघांनी 'अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा' हेही सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. आणि झाडून सगळ्यांच्या पुलाला 'पाच दगडी कामिनी' होत्या.

"कामिनी म्हणजे काय रे?" बाईंनी वर्गात विचारलं.

"पुलाला असतात त्या," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला.

"पुलाला कमानी असतात. कामिनी म्हणजे सुंदर स्त्री. पाच जणी पुलाखाली काय करतायत?"

मुलाने थोडा विचार केला. "पूल धरून उभ्या असतील."

बाईंनी सगळ्या वह्या परत केल्या. पोस्टमनची मुलगी तेवढी हटून बसली. "बाई, मी नऊ साइट बघितल्या. नऊही अकराच महिने म्हणतात."

"नऊही ठिकाणी कामिनी आहेत?"

मुलीने पाहिलं. होत्या.

"मग साक्षीदार किती झाले?"

"एक," ती म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं, पण लगेच ती कुठली साइट सर्वांत जुनी ते शोधायला लागली.

त्यात दोन तास गेले. सर्वांत जुन्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आधार दिला होता: पुलाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, पान चौदा. ती स्मरणिका ग्रंथालयाच्याच कपाटात निघाली. पान चौदावर अकरा महिने होते आणि पाच कामिनीही होत्या. मुलीने शेवटचं पान उलटलं. 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे एका कुमारीचं नाव छापलेलं होतं.

"मुद्रितशोधन म्हणजे काय, बाई?"

"छापण्याआधी चुका शोधून काढणं."

"मग ही काय करत होती?"

बाईंनी स्मरणिका मिटली. नाव त्यांचंच होतं, लग्नाआधीचं. शाळेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "बघू पुढच्या तासाला," असं म्हणून त्यांनी घंटेला आठ मिनिटं असतानाच वर्ग सोडला.

चौतीस वर्षांपूर्वी बाई ती स्मरणिका छापणाऱ्या छापखान्यात नोकरीला होत्या. हस्तलिखितातला आकडा ११ की २१, ही शंका त्यांना तेव्हाही आली होती. विचारायला नगरपालिका फक्त रस्त्यापलीकडे होती. पण पायातल्या नव्या चपला चावत होत्या, म्हणून त्यांनी ११ ठेवून दिले. कामिनींबद्दल मात्र त्यांना काही केल्या काही आठवेना.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. संध्याकाळी त्या त्याच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"अहो, पुलाची ती चूक माझी आहे."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "पूल पडला का?"

"नाही."

"मग गप्प बस की. विचारतंय कोण?"

"पोस्टमनची मुलगी."

त्याने एक बारीक स्क्रू चिमट्यात धरला, जागेवर बसवला. "मग सांगून टाक," तो म्हणाला.

पुढच्या तासाला बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. "ती बाई म्हणजे मी."

हसावं की नाही, हे कुणाला ठरवता येईना.

"पुरावा?" पोस्टमनच्या मुलीने विचारलं.

बाईंनी पिशवीतून पदवीचं प्रमाणपत्र आणि लग्नाचा नोंदणी दाखला काढला. मुलीने दोन्हींवरची नावं, तारखा आणि शिक्के तपासले. "जुळतंय," ती म्हणाली. बाईंना हलकं वाटलं आणि थोडा रागही आला.

शनिवारी बाई पाच-सहा मुलांना घेऊन नगरपालिकेत गेल्या. "इंटरनेटवर आहे की सगळं," कारकून म्हणाला. "तिथूनच आलोय," बाई म्हणाल्या. अर्ध्या तासाने त्याने रजिस्टर आणून टेबलावर आपटलं. काम सुरू झाल्याची तारीख, काम संपल्याची तारीख. मुलांनी बोटांवर मोजलं. एकवीस महिने. परत येताना त्यांनी कमानीही मोजल्या. सहा भरल्या. त्याच पुलावरून ती सगळी रोज शाळेत येत होती.

मग जुन्या साइटला पत्र लिहायचं ठरलं. पहिल्या मसुद्यात साइटवाल्याला बिनडोक म्हटलं होतं. दुसरा चार पानांचा झाला. तिसऱ्यात चार वाक्यं उरली, सोबत रजिस्टरचा फोटो. त्यातलं एक वाक्य होतं, 'महिन्यांची आणि कामिनींची चूक आमच्या ग्रंथालयाच्या बाईंची आहे.' बाईंनी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि वाक्य तसंच ठेवलं.

पाच आठवड्यांनी साइटवाल्याचे आभार आले. त्याच्या पानावर अकराचे एकवीस महिने झाले, पाच कामिनींच्या सहा कमानी झाल्या. तेच पत्र उरलेल्या आठ साइटनाही पाठवलं होतं, त्यांनी उत्तर दिलं नाही. तिथे कामिनी अजून उभ्या आहेत.

पोस्टमनच्या मुलीच्या नव्या निबंधाला बाईंनी दहापैकी नऊ दिले. साइट कोणत्या दिवशी पाहिली, ते तिने लिहिलं नव्हतं. ती वही घेऊन आली.

"ती तारीख लिहायची, असं तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं, बाई."

बाईंनी स्वतःची टाचणवही काढून पहिल्या पानापासून चाळली. खरंच सांगितलं नव्हतं. त्यांनी नवाचे दहा केले आणि बाजूला सही केली.