स्पॅनिशला एक डोकं कमी

अकरावीला मी स्पॅनिश घेतलं, कारण ते वर्गात कुणालाच येत नव्हतं.

दहावीपर्यंत मी सटाण्याला, मराठी मीडियम. नाशिकला कॉलेजात आलो आणि पहिल्याच आठवड्यात तोंडातून 'आहे'ऐवजी आमचं अहिराणी 'शे' निसटलं. शेजारच्या बाकावरचा पोरगा, कॉलेज रोडचा, इंग्लिश मीडियम, बूट पांढरेशुभ्र, दिवसभर 'काय शे रे, कसं शे रे' करत बसला. संध्याकाळी हॉस्टेलवर मी त्याची नक्कल केली. खांदे उडवले, केस मागे घेतले, 'यू नो' म्हणालो. पोरं लोळली. पण वर्गात नकलेचा उपयोग नाही. तिथं स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं.

दुसरी भाषा निवडायची वेळ आली. हॉस्टेलमध्ये विषय पोरगा निवडत नाही, गाइड निवडतं. वरच्या वर्षाच्या पोरांची गाइडं ज्या विषयाची, तोच विषय घ्यायचा. म्हणून सगळं हॉस्टेल हिंदीला. शहरातली पोरं फ्रेंचला, कारण ती शाळेपासून शिकत आलेली. स्पॅनिश त्याच वर्षी सुरू होणार होतं. गाइड नाही, क्लास नाही, सीनियर नाही. म्हणजे सगळेच शून्यावर. मला हेच पाहिजे होतं.

कॉइनबॉक्सवरून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आठे गावमा कोन बोलस ती भाषा?"

"कोनीच नही."

"मंग तू बोलशी कोनासंगे?"

तेवढ्यात रुपया संपला, ते बरं झालं.

स्पॅनिशच्या पहिल्याच तासाला मॅडमनी सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत पंधरा मुलं झाली तर तुकडी चालेल. नाहीतर तुम्हाला फ्रेंचमध्ये बसवतील." फ्रेंचमध्ये, म्हणजे तीन वर्षं शिकलेल्यांच्या मागे, परत शेवटच्या बाकावर.

मग त्यांनी 'पेर्रो' म्हणायला लावलं. पेर्रो म्हणजे कुत्रा. 'र' लांबवर थरथरत न्यायचा. पांढऱ्या बुटांचा पोरगाही आला होता, त्याला फ्रेंचचा कंटाळा आलेला. त्याचा 'र' तोंडातच विरघळला. परत केला, परत विरघळला. मागून कुणीतरी खिदळलं. माझी पाळी आली तर मी पेर्रर्रर्रो करत सुटलो. बाजरीवरची पाखरं हाकताना लहानपणापासून 'हुर्रर्र' केलेलं, जीभ तयारच होती.

मॅडम म्हणाल्या, "कुठे शिकलास?"

"शेतात, मॅडम."

रात्री मेसमध्ये मी मॅडमचा अख्खा तास करून दाखवला, चष्मा वर सारण्यासकट. पेठचा माझा रूम पार्टनर म्हणाला, "मंजे हुर्रर्र केल्याचे मार्क देतात?"

"तोंडी परीक्षेला देतात."

"मग हिंदीत काय ठेवलंय?"

तो आला, त्याच्यामागं आणखी पोरं आली. शुक्रवारी मॅडमनी मोजलं तर चौदा. एक डोकं कमी, कारण पांढरे बूट फ्रेंचला परत गेले होते.

मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. "चल ना परत."

"नाही यार. सगळे हसले."

"मग? माझ्यावर तर तू रोज हसतोस. मी कुठं कॉलेज सोडलं?"

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "तो आवाज काढायचा कसा पण?"

त्याला हॉस्टेलच्या गच्चीवर नेलं. रूम पार्टनरनं शिकवायला घेतलं. "जीभ सैल सोड. समोर नागली पिकलीय आन् पाखरं उतरलीत. तू हळू बोललास तर ती खाऊन जातील." पांढऱ्या बुटांनी आधी लाजत केलं. मग नुसतीच हवा निघाली, थुंकी उडाली. आम्ही हसलो, आणि या वेळी तोही हसला. अंधार पडता पडता एकदाचा त्याचा 'र' थरथरला. खालून वॉचमन ओरडला, "ए, कोन गुरं हाकतंय वर?"

शनिवारी तो ऑफिसात जाऊन नाव लावून आला. पंधरावा. सोमवारी माझ्याच बाकावर येऊन बसला आणि विचारलं, "आज काय शे रे?"

"पेर्रो," मी म्हटलं. "यू नो."

पुढच्या रविवारी कॉइनबॉक्सवर वडिलांचा प्रश्न परत आलाच. "भेटना का कोनी बोलाले?"

"भेटना," मी म्हणालो. "कॉलेज रोडना शे."