कराचीचं पातेलं

परदेशात, जॉन्सनव्हिलला एकटी राहायला आले तेव्हा घरात माझ्याशी बोलणारा एकच प्राणी होता, छतावरचा धुराचा अलार्म. फोडणी घातली की तो किंचाळायचा आणि मी त्याला शिव्या घालायचे. दिवसभर फार्मसीत लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगायचं, संध्याकाळी वाऱ्याशी भांडत चढ चढून घरी यायचं, की सकाळपर्यंत तोंड बंद.

त्या किंचाळण्यामुळेच शेजारच्या मावशींची, त्यांच्या भाषेत खालांची, ओळख झाली. दारात येऊन म्हणाल्या, "हींग डाली है ना?" त्या मूळच्या कराचीच्या. मुलगा-सून कामावर, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी, त्यामुळे त्यांचाही दिवस सरत नसे. मग आमच्यात डबे सुरू झाले. डबा रिकामा परत द्यायचा नाही हे दोन्ही घरांत शिकवलेलं, म्हणून ही ये-जा कधी थांबेचना. मला ती थांबायला नकोच होती.

एका ईदला त्यांनी पितळी पातेल्यातून शेवयांची खीर आणली. "इस पर नाम है, पढ़ो," म्हणाल्या. काठाखाली देवनागरीत एका बाईचं नाव कोरलेलं, आडनाव थेट कोकणातलं. मी वाचून दाखवलं, त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

ती बाई कराचीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायची. फाळणी होऊन गेली होती, तरी दसऱ्याला तिने याच पातेल्यातून कटाची आमटी पाठवली. खालांच्या अम्मीला ते गोड भरून परत द्यायचं होतं, पण बाजारात साखर मिळेना. साखरेची वाट बघेपर्यंत वरचं बिऱ्हाड बोटीने मुंबईला निघून गेलं. अम्मीने पुढे मरताना खालांना बजावलं होतं, हे त्या बाईच्या माणसांना भरून परत कर.

मी पुण्याची. माझी फाळणी शाळेतल्या पुस्तकातली. साहेबाने नकाशावर रेघ मारली आणि आम्ही पेपरात तिची कारणं लिहिली. त्या रेघेपायी कुणाचं पातेलं अडकून पडलं असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरं, पण रिकामं नको देऊस हं परत."

"आई, एवढं कळतं गं मला."

पातेल्याची कल्हई उडालेली होती, म्हणून आंबट काही नको, बेसनाचे लाडू केले. पातेलं चिंचेने लख्ख घासलं, लाडू भरले आणि मोठ्या दिमाखात खालांच्या दारात उभी राहिले.

खाला पातेल्याकडे बघतच राहिल्या. "यह तो मैंने लौटा दिया था, बेटी. उसके लोग तुम ही तो हो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाडू ठेवा, पातेलं नेते, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. "भरा हुआ आया है. अब खाली कैसे दूँ?" त्यांनी ते आत नेऊन ओट्यावर ठेवलं. त्यानंतर लाजेने मी बरेच दिवस तिकडे फिरकलेच नाही.

मग कळलं की त्यांच्या मुलाने दूर दुसऱ्या शहरात, टाकानिनीला नवं घर घेतलंय. जायच्या दिवशी खाला माझ्याकडे आल्या, पदराखाली पातेलं. मी सवयीने आत डोकावले. एक शेवईसुद्धा नव्हती.

"खाली है," त्या म्हणाल्या. "अब लौटाना मत."

हयातभर पाळलेली रीत त्यांनी माझ्यासाठी मोडली होती. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. मुलगा गाडीपाशी वाट बघत उभा होता.

पातेलं आता माझ्याच ओट्यावर असतं. अम्मीचा शब्द पाळला गेला याचं मला मनापासून बरं वाटतं. पण एखाद्या रविवारी काही गोड केलं, की हात आपोआप ते पातेलं भरतात, आणि दारापर्यंत गेल्यावर आठवतं. मग मी ते परत आत आणते आणि उभ्या उभ्या एकटीच खाते.