धुऱ्यावरची घायपात

शेगाव स्टेशनवर बाबा टोपी कपाळापर्यंत ओढून उभे होते. टोपीखाली सात टाके होते. "पोचली का पहिले मामाले फोन लाव," एवढंच म्हणाले. आई आली नव्हती. घर उघडं टाकायची तिला भीती वाटत होती. पुण्याची गाडी हलली, आणि जे सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही.

आमचं शेत वरवट बकालजवळ. शेजारचं मोठ्या बाबांचं, म्हणजे बाबांच्या सख्ख्या भावाचं. मधला धुरा, म्हणजे बांध, हीच हद्द. कोरडी, वाऱ्यानं झोडपलेली. मी तेव्हा इंटरनेटवर बागांचे फोटो बघत बसायची. पाणी न घालता जगेल आणि देखणी दिसेल म्हणून मी घायपात निवडली. अकरा रोपं. आमच्या बाजूला कडुनिंबाची सावली होती आणि घायपातीला ऊन लागतं, म्हणून ओळ दोन हात पलीकडे घेतली. धुऱ्यावर झाड लावणं म्हणजे हद्द सांगणं, हे मला माहीत होतं. दोन हातांना कोण विचारतं, असं वाटलं.

मोठे बाबा कुऱ्हाड घेऊन आले. "झाडं लावून धुरा सरकवून राह्यला का बे?"

बाबा हसले. "शोभेचं झाड हाय दादा. काटा टोचला का तुले?"

पहिलं रोप उभं चिरलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या आड बाबा आले. कुऱ्हाड उलटी झाली आणि डोक्यात बसली, ओलं लाकूड फुटावं तसा आवाज. बाबा पडले, उठले, पुन्हा त्याच जागी उभे राहिले. दुसरा घाव कानावर. चिकानं मोठ्या बाबांच्या हातांना खाज सुटली होती. ते खाजवत होते आणि मारत होते. रोपं आमच्याच हद्दीत आहेत असं समजून बाबा मार खात आहेत, हे कळत असूनही मी कडुनिंबाला पाठ लावून गप्प उभी होते.

आता पुण्यात हेच माझं काम आहे. दोन टॉवरच्या मधल्या फटीत वारा घुसतो, ऊन येत नाही, ड्रिपचं पाणी पोचत नाही. तिथं काय तगेल ते मी ठरवते. कोरड्या सावलीत स्नेक प्लांट मजेत राहतो. तेव्हा एवढंही ठाऊक नव्हतं. घायपात मी कुठल्याच यादीत घालत नाही. गेल्या महिन्यात एका क्लायंटनं हट्टानं मागवली. लावताना पान मोडलं, मनगटावर चीक उडाला. खाज सुटली तशी मी साइटवरूनच बाबांना फोन केला. त्यांचा डावा कान गेलाय, उजव्यानंही कमीच ऐकू येतं. मजुरांसमोर ओरडावं लागलं.

"बाबा, ती ओळ मोठ्या बाबांच्या शेतात होती!"

"मले माहीत होतं. तू लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्या पावलं मोजली."

"मग उपटले काऊन नाही?"

"तुह्या हातचे होते वं ते."

रडू आलं नाही, राग आला. त्यांच्या नाहीतर माझ्या एका शब्दानं मिटलं असतं.

गावाकडून सगळे विचारतात, घरी कधी येतेस. घर म्हटलं की मला एकच दिसतं: आपली नाही हे माहीत असलेल्या जमिनीवर, दुसऱ्या घावासाठी उभा राहिलेला माणूस. त्याच्यासमोर बसायचं बळ आलं की येईन.