पवित्र तेलाचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. कुमसाराला फादरसमोर गुडघे टेकते तेव्हा बाकीचं सगळं सांगते — शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखला, शेजारणीला वाईट बोलले, रोझारी म्हणताना झोपले — आणि हे तेवढं गिळते. फादर पापांची क्षमा देतात. मी बाहेर येऊन चपला घालते. घरी येऊन भात टाकते. इतकं सोपं असतं ते, खरंच.

तुम्हाला का सांगते? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

आधी माझ्या विल्सनचं सांगायला हवं. माझा थोरला. आमच्या मालवणकडच्या वाडीतून सेमिनरीत गेलेला पहिला मुलगा तो. हल्ली पोरं पाद्री व्हायला जातात कुठे? गल्फला जातात, बोटीवर जातात. त्यामुळे विल्सन गेला तर चर्चात माझा भाव काय वाढला म्हणून सांगू! बायका सरकून पहिल्या बाकावर जागा द्यायच्या. ‘पाद्रीची आवस इली,’ म्हणायच्या. तो अजून पाद्री व्हायचा होता, पण मी पाद्रीची आई, आवस, होऊन बसले होते.

दोन वर्षांनी विल्सन परत आला. म्हणाला, ‘आय, ह्यो माझो रस्तो न्हय.’ आता तारकर्लीला पर्यटकांची होडी चालवतो, बायको चांगली आहे, सुखात आहे. पण तेव्हा मासळीबाजारात सगळ्यांसमोर कोळणीने विचारलं होतं, ‘काय गो कार्मिण, तुझो पाद्री होडयेर चढलो मां?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. बांगडे घेतले आणि घरी आले.

आणि मग सेमिनरीत गेला ऑलविन. माझ्या धाकट्या जावेचा, आंजेलिनचा मुलगा. शेंबडा, बुजरा, विल्सनच्या मागे मागे फिरणारा. मला वाटलं, हा तर सहा महिन्यांत येईल. वाटलं कसलं — वाट बघत होते. दर सुट्टीला तो आला की मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची, कंटाळलाय का. नाही कंटाळला. झाला फादर.

गुरुदीक्षेच्या वेळी बिशप नव्या फादरच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. सुगंधी असतं ते. मग ते हात एका पांढऱ्या कापडाने बांधतात. ते कापड फादर आपल्या आईला देतो. तिने ते जन्मभर जपायचं, आणि ती गेली की शवपेटीत तिच्या हातांना बांधायचं. म्हणजे वर गेल्यावर तिने देवाला दाखवावं — बघ, मी तुला एक पाद्री दिला.

ऑलविनने ते कापड आंजेलिनच्या हातात दिलं तेव्हा सगळं चर्च रडलं. मीही रडले. कशाने, ते मला माहीत होतं.

घरी मांडव, पाहुणे, जेवायला सान्नां, सोरपोतेल. कापड घरातल्या आल्तारावर, क्रूसापुढे, ताटात ठेवलं होतं, आणि बायका रांगेने येऊन त्याचा वास घेत होत्या. माझी पाळी आली. मी वाकले. काय वास होता तो! आणि आंजेलिन बाजूला उभी — साधी बाई, कधी मोठ्याने बोललेली नाही — मला म्हणाली, ‘वयनी, तुझ्याच आशीर्वादान झाला गो सगळा.’ ती मनापासून म्हणाली. तेच मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नव्या फादरला घेऊन होड्यांना आशीर्वाद द्यायला किनाऱ्यावर गेले. मी म्हटलं, मी थांबते, चादरी-टेबलक्लॉथ धुवायचेत. आल्तारावरचं कापड मी उचललं आणि त्या गाठोड्यात घातलं.

चर्चच्या आल्ताराची कापडं मीच धुते, आजही. त्यातल्या काही कापडांचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नसतं, मातीत ओतायचं असतं. तेलाचे डाग कसे काढायचे हे मला पाठ आहे. ऊन पाणी, सोडा, साबण, पुन्हा ऊन पाणी. आणि ऐका — पहिलं पाणी मी नियमाप्रमाणे माडाच्या मुळात ओतलं. वर क्रूसाची खूणही केली. हाताला सवय होती ना. मग वाळवून, इस्त्री करून, घडी घालून ताटात होतं तसं ठेवलं. कुणी विचारलं असतं तर ‘चुकून गेलं गो’ तयार होतं. कुणी विचारलंच नाही. आंजेलिनने ते डब्यात घालून कपाटात ठेवलं.

तुम्हाला वाटेल, हेच ते. एक कापड धुतलं म्हातारीने, त्यात काय एवढं? मलाही वर्षभर तसंच वाटलं. नाही. हे नाही ते.

वर्षाने दीक्षेचा दिवस आला म्हणून आंजेलिनने डबा उघडला. मला हाक मारली. मी गेले तर ती कापड नाकाला लावून खाटेवर बसलेली.

‘वयनी, वास गेलो गो. तुका येता काय बघ.’

मी हुंगलं. साबणाचा वासही उरला नव्हता.

‘तू आल्ताराची कापडां धुतंस, तुका कळात. ह्या तेल असा सुकता काय?’

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? ‘मी धुतलं’ — नको, एवढं धैर्य नव्हतं. पण ‘सुकतं गो, वर्षाने सगळंच सुकतं’ — इतकं तरी? खरंही असेल ते, कुणास ठाऊक. मी तिच्याकडे बघितलं. आणि म्हणाले, ‘पवित्र तेलाचो वास असो जाणा नाय, आंजेलिन.’

बस्स. एवढंच बोलले.

तिने कापडाची घडी घातली. मग म्हणाली, ‘मगे माझाच कायतरी चुकला असतला.’ मी नाही म्हटलं नाही.

त्या रविवारपासून ती मागच्या बाकावर बसू लागली. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उठेना. अनवाणी चर्चला यायची, उपास धरायची. कसलं पाप ती शोधत होती कुणास ठाऊक — तिच्याकडे होतं काय शोधण्यासारखं? बायका म्हणायच्या, आंजेलिन किती भाविक झाली. आणि पहिल्या बाकावर, तिच्या रिकाम्या जागी — हो, मी बसत होते.

असं किती वर्षं चाललं असेल. मग ती आजारी पडली. अंथरुणाला खिळल्यावर मीच तिचं सगळं करत होते. ते पुण्य म्हणून मोजू नका. एका दुपारी पेज भरवताना तिने माझं मनगट धरलं. ‘ता कापड माझ्या हाताक बांधू नको गो. माका शोभाचा नाय.’ माझ्या हातात चमचा होता. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी पुढचा चमचा भरवला.

ती गेली तेव्हा ऑलविन डबा घेऊन पेटीपाशी आला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ‘तिनाच नको म्हटल्यान.’ खोटं काही नव्हतं त्यात. त्याने डबा खाली ठेवला. मग विचारलं, ‘कित्याक, मोठी आय? मी पाद्री झालंय ता तिका आवडला नाय?’

मी म्हटलं, ‘माका काय ठावक.’

आईच्या हातांत त्याने नुसती रोझारीची माळ गुंडाळली.

तो आता बांद्याच्या बाजूला एका लहान चर्चात आहे. दर रविवारी मिस्सा झाली की मला फोन करतो. मागच्या रविवारी म्हणाला, आईची आठवण आली की तो प्रवचन लिहायचं थांबवतो. तिला आपलं काय खटकलं असेल, याचाच विचार करत बसतो. आणि मला विचारलं, ‘तुका कधी काय बोलली नाय?’

‘नाय रे बाबा,’ मी म्हटलं. ‘जेवलंस?’