माझी आई माझ्या घरी पाहुणी?

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, पण आज लिहितानाही डोकं तापतंय... आईचं नाव आमच्या रेशनकार्डावर चढवायला मी तिला घेऊन सुरतच्या कचेरीत गेले होते. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

बाबा गेले, मी एकुलती एक. शिरपूरचं घर बंद करून आई कायमची आमच्याकडे कतारगामला राहायला आली. तिकडच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला तिने स्वतः आणला होता, नीट घडी घालून.

कारकुनाने दाखला वाचलाही नाही. "बेन, मा तो दीकरा पासे रहे. तमारे त्यां तो महेमान कहेवाय."

आई मुलाकडे राहते म्हणे, मुलीकडे ती पाहुणी! मी म्हटलं, मुलगाच नाही. तर म्हणाला, मग मुलगा नसल्याचं लिहून आणा...

आणलं. शिरपूरला जाऊन तलाठ्याकडून लिहून आणलं. तर ते मराठीत आहे, गुजराती करून आणा.

तेही केलं. तर म्हणाला, जावयाची संमती हवी. आईला मी सांभाळणार, नोकरी मी करते... आणि सही माझ्या नवऱ्याची! ह्यांनी बिचाऱ्यांनी कागद मिळताच सही केली आणि सासूकडे न बघता चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

सगळ्यात वाईट म्हणजे आई खरंच पाहुणीसारखी वागायला लागली होती. जेवताना दुसरी पोळी नको म्हणायची. एकदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना बेटा... मी जास परत शिरपूर." त्या रात्री मला झोप आली नाही.

चौथ्या खेपेला मी आणि आई सगळे कागद घेऊन गेलो. कारकुनाने चाळले आणि म्हणाला, मोठे साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या. त्याच्या मागच्या केबिनमध्ये साहेबांचा पंखा फिरताना मला दिसत होता!

मी आवाज चढवला. काय बोलले ते आठवत नाही, पण रांगेतली माणसं मागे सरकली.

तेवढ्यात आईने माझा हात धरून मला बाजूला केलं आणि त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर मांडी घालून बसली. अहिराणीत म्हणाली, "तठलं नाव कटनं, आठे चढत नही. मंग मी आते कथानी शे? मी आठेच बसस. कार्डवर या हापिसना पत्ता लिखी टाक."

दारातला शिपाई नंदुरबारकडचा निघाला. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत गुजरातीत सांगितलं, की तिकडचं नाव गेलं, इकडे तुम्ही घेत नाही, म्हणून आजी आता इथेच राहणार आहेत, कार्डावर कचेरीचाच पत्ता घाला...

रांग खो खो हसायला लागली. 'रजेवरचे' साहेब केबिनमधून बाहेर आले आणि दहा मिनिटांत आईचं नाव चढलं.

कार्ड हातात घेतलं. नात्याच्या रकान्यात कारकुनाने गुजरातीत लिहिलं होतं, 'अन्य'. इतकं सगळं होऊन माझी आई माझी कोण, तर 'अन्य'!

मी परत भांडायला वळणार, तोच आईने विचारलं, "काय लिखं शे?" तिला गुजराती वाचता येत नव्हतं.

मी म्हटलं, "माय."

ती हसली. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. नंतर चौदा वर्षं ती आमच्याकडे राहिली, पण तो शब्द मी तिला कधीच वाचून दाखवला नाही.

त्या शिपाईभाऊंचं नाव विचारायचं रागाच्या भरात राहूनच गेलं. त्यांचे आभार आज इथे मानते... त्या रकान्याला मात्र माझी माफी नाही.