तीनदा दिलेलं आवतन

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मला सगळं समजत होतं. शिक्षण तिसरी. (पास. नापास म्हणणारे गावात दोघं होते, ते वारले.)

माझी नात प्रणाली यवतमाळला कॉम्प्युटरचं शिकते. मोबाईलवरचा निरोप या टोकाहून त्या टोकाला पोचतो कसा, याची हलत्या चित्रांची फिल्म तिला करायची होती. अट अशी की फिल्ममध्ये कोणी बोलायचं नाही आणि एक अक्षर लिहायचं नाही. झाल्यावर ती कॉम्प्युटर न कळणाऱ्या माणसाला दाखवायची आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच हातानं लिहून आणायचं. समजलं नसेल तर पुढच्या शनिवारपर्यंत दुरुस्ती करता येणार होती, एकदा जमा केल्यावर मात्र बदल नाही. पोरगी दोन महिने त्यामागं होती. आणि न कळणारा माणूस म्हणून तिनं निवडलं मला! अपमान गिळून मी खाटेवर बसलो.

फिल्म बरी होती. इकडं एक घर, तिकडं दूर एक घर, मधात नाला. इकडच्या घरातून एक कागद पायी निघतो (कागदाला पाय होते, पोटावर आकडा होता) आणि नाल्यात पडतो. घर वाट पाहते. तिकडून हिरवा कागद परत आला म्हणजे निरोप पोचला. नाही आला, की तोच कागद पुन्हा निघतो. पुन्हा नाही आला, पुन्हा निघतो. शेवटी काही कागद तिकडचं घर एका टोपल्यात टाकते. टोपलं कशाला ते मला कळलं नाही, पण टोपल्यासाठी कोण थांबते?

"काय समजलं, आबाजी?"

"समोरचा 'हो' म्हनेपर्यंत निरोप पाठवत राहाचं."

पोरगी खूश झाली. मग तिनं विचारलं, कागदावरचा आकडा कायचा?

"घर नंबर. मले काय इचारतं?"

ती काही सांगणार, तोच मी हात वर केला. "समजलं नसंन तर तसं लिहा, आबाजी. मग मले बदलता येते," ती म्हणाली. मी ठळक अक्षरात लिहून दिलं : सगळं समजलं. तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला.

आता त्याच आठवड्यात रविवारी शेतात मारोतीच्या नवसाचे रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) होते. मागच्या खेपेला पंधरा घरी आवतन दिलं, आले नऊ. निरोप नाल्यात पडले असणार! या वेळी मी फिल्मप्रमाणं चालायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी पंधरा दारं फिरलो. घरटी एक माणूस जेवायला या. आता आमच्या गावात जेवायच्या आवतनाला कोणी 'हो, येतो' म्हणत नाही. म्हटलं तर लोक म्हणतील, उपाशी होता. 'पाहू' म्हणायचं आणि वेळेवर यायचं, ही रीत. मीही जन्मभर 'पाहू'च म्हणत आलो. पण 'पाहू' म्हणजे हिरवा कागद नव्हे! म्हणून दुपारी पुन्हा पंधरा दारं. पुन्हा 'पाहू'. दिवस कलता कलता तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र पंधराच्या पंधरा घरांतून खणखणीत 'येतो' आलं. मी फिल्मची तारीफ करत घरी आलो.

दुसरी रीत माझ्या डोक्यातून साफ गेली होती. आवतन द्यायला घरधनी एकदा आला तर घरटी एक माणूस. दोनदा आला तर नवरा-बायको. आणि तीनदा उंबरा चढला तर चूलबंद आवतन, म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, लहानथोर सगळे जेवायला!

रविवारी बारा वाजता गोवऱ्यांच्या आरात चाळीस रोडगे फुलत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. पहिला आला मोटारपंपाचा मेकॅनिक रहमतभाई. मागं बायको, दोन सुना, चार नातवंडं आणि नेरहून आलेला जावई. त्यांच्या मागच्या पांदणीत धूळ उडत होती. मला वाटलं ढोरं येत आहेत. माणसंच होती.

माझी बुढी, म्हणजे प्रणालीची आजी, कलथा हातात धरून उभी राहिली. "काहून जी, गावजेवण हाय का?"

मी म्हटलं, पाहू.

भाजीत पाणी गेलं. मग आणखी पाणी गेलं. मी म्हटलं, कोणाच्या घरून भाकरी मागवा. बुढीनं कलथा आपटला. कोणाच्या घरून? पंधराही घरच्या चुली मीच विझवल्या होत्या!

मी रहमतभाईला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा, मी एकाच माणसाचं सांगितलं होतं.

"सकाळी सांगतलं दादा," तो शांतपणे म्हणाला. "मंग तुमी आनखीन दोनदा आले. मी घरात म्हनलं, बुढ्याचा जीव आपल्यावरच हाय."

प्रणाली पोट धरून हसत होती. मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आकडा घराचा नसते, आबाजी, निरोपाचा असते. तोच आकडा पुन्हा आला की समोरचा समजते, हा तर पयलेच आला होता. मंग तो टोपल्यात टाकते."

"आमाले आकडा नाही दिसला, बेटा," रहमतभाई म्हणाला. "आमी तिन्ही निरोप ठेऊन घेतले."

मग त्याच्याच सुना उठल्या आणि घरून कणकेचे डबे घेऊन आल्या. त्यांचं पाहून बाकीच्या बायाही गेल्या. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून साऱ्यांनी रोडगे वळले, माणसांनी गोवऱ्या रचल्या. चार वाजता पंगत बसली. भाजी पातळ होती, पण रोडगा पातळ भाजीतच मुरतो, असं मी प्रत्येक पानापाशी जाऊन सांगितलं. कोणी उपाशी उठलं नाही. नवस असा फिटलेला मी तरी पाहिला नाही.

फक्त प्रणाली हात धुवून बाजूला बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आकडा अन् टोपलं तुमाले नाही समजलं, म्हंजे कोनालेच नाही समजनार. अन् कागदावर तर सगळं समजलं लिवलं हाय. मी मॅडमले काय देऊ?" मी हातातला घास पानात ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची बस यायच्या आधी, मी पहिला कागद परत मागून फाडला. दुसऱ्यावर लिहिलं : मले समजलं नाही. आकडा कायचा ते मी इचारलं नाही, चूक माही. हे वाक्य लिहायची चौऱ्याहत्तर वर्षांतली पहिलीच वेळ, त्यामुळं तीन कागद वाया गेले. पोरीनं वाचलं आणि आता फिल्म कुठं दुरुस्त करायची ते कळलं, असं म्हणत कागद जपून वहीत ठेवला. असं साफ लिहिणारा वर्गात दुसऱ्या कोणाचाच आबाजी नसेल म्हणाली.

मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो आणि बस हलता हलता खिडकीतून बजावलं, "अक्षर कोनाचं हाय, ते मॅडमले आठोनीनं सांगजो."